जादाचा मणी

माझ्या वडिलांना जर्मनचे चारच शब्द येत होते. आइन्स, त्स्वाय, द्राय, फिअर. पाचवा शिकायची गरज पडली नाही, कारण ज्या खेळासाठी ते हे आकडे शिकले त्यात चाराच्या पुढे काही नव्हतंच. माझ्या मुलीला मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून यायचं ते जर्मन. आजोबा मराठीत विचारणार, नात जर्मनमध्ये उत्तर देणार, आणि मी किंवा बायको हमालासारखे वाक्यं इकडून तिकडे वाहणार. हे चार आकडे मात्र त्या दोघांनी आमच्या मदतीशिवाय एकमेकांना दिले होते. ते मी बंद पाडले. कसे, ते लिहायला बसलो आहे. लिहून काही भरून येणार नाही हे मला माहीत आहे.

आई गेली त्या वर्षी बाबा पहिल्यांदा एकटे आमच्याकडे जर्मनीत, त्सुफेनहाउझेनला आले. नव्वद दिवसांचा व्हिसा आणि दोन बॅगा, त्यातली एक हत्यारांची. पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर म्हणून त्यांचा जन्म गेला होता. पहिल्या दोन आठवड्यांत त्यांनी घरातल्या करकरणाऱ्या बिजागऱ्या, गळका नळ आणि तळघराचं अडकणारं कुलूप असं सगळं दुरुस्त करून टाकलं. मग दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही आणि ते खिडकीशी बसायला लागले. दिवसभर बसायचे. जेवायला हाक मारली की उठायचे, जेवायचे आणि पुन्हा तिथेच. मी कामावर जाताना त्यांची पाठ दिसायची आणि आल्यावरही पाठच दिसायची.

अशातच एका रविवारी मुलगी त्यांना जुन्या बाजारात, फ्लोमार्क्टला, घेऊन गेली आणि येताना एक लाकडी पाट घेऊन आली. पाटावर सोळा दांड्या उभ्या, चार ओळींत चार-चार. सोबत पिशवीभर मणी, अर्धे फिके, अर्धे गडद. आपण शाळेत वहीच्या मागच्या पानावर फुली-गोळा खेळतो, तोच हा खेळ, पण उंची दिलेला. पाळीपाळीने दांडीत मणी ओवायचा. एका दांडीवर चार मणी बसतात. आडवे, उभे, तिरके, मजल्यामजल्याने चढत जाणारे, कसेही आपले चार मणी एका रेषेत आले की जिंकलो. वहीतल्या फुली-गोळ्यात दोघेही जरा शहाणे असले की डाव बरोबरीत सुटतो आणि दहाव्या वर्षी त्याचा कंटाळा येतो. इथे जिंकायच्या शहात्तर रेषा आहेत. हे मी पुस्तकात वाचलं होतं. बाबांनी पाटासमोर बसून, बोटाने एकेक रेषा दाखवत, दोन दिवसांत मोजून काढल्या. शहात्तरच निघाल्या.

दोन मणी कमी होते. ते त्यांनी जुन्या झाडूच्या दांड्यातून कापले, कानशीने घासले आणि माझ्या बुटांच्या पॉलिशने रंगवले. त्या दिवसापासून ते खिडकीशी बसले नाहीत.

मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. पहिला मणी नेहमी तिचा. बाबांचा दंडकच तो होता: पाहुणा आधी, मग लेकरू, मग आपण. जेवणाच्या ताटापासून रिक्षात बसण्यापर्यंत त्यांनी तो पाळला होता. या खेळात मात्र पहिल्याचं पारडं जड असतं. त्यामुळे महिन्याभरात मुलगी त्यांना हरवायला लागली, आणि मग रोजच हरवायला लागली.

"बाबा, एकदा तुम्ही आधी खेळा ना," मी म्हणालो होतो.

"लेकराच्या आधी हात घालू?" ते म्हणाले. "छे. दुसरं राहूनच जिंकायचं. काहीतरी वाट असणारच."

पुण्याला परत गेल्यावर एका जुन्या सोबत्याच्या वर्कशॉपमध्ये बसून त्यांनी तसाच दुसरा पाट बनवला, पितळी दांड्यांचा. मग दर रविवारी, आमचे सकाळचे अकरा आणि तिकडचे दुपारचे अडीच, हिवाळ्यात साडेतीन, झाले की फोन लागायचा. दोन्ही घरांत तोच डाव मांडलेला. ती मराठीत म्हणायची, "तीन, दोन." तिसरी ओळ, दुसरी दांडी. ते जर्मनमध्ये म्हणायचे, "फिअर, आइन्स." उंची सांगायची गरज नसायची, मणी आपोआप असेल त्यावर जाऊन बसतो. तासभर फोनवर फक्त आकडे, मध्ये मोठी शांतता, आणि एखादं हसू. मी कॉफी घेऊन शेजारच्या खोलीत बसलेला असायचो आणि खरं सांगायचं तर मला हेवा वाटायचा. माझं आणि बाबांचं फोनवरचं बोलणं तीन मिनिटांत संपायचं. तब्येत, हवा, पैसे पाठवू का, नको. माझ्याशी ते कधी काही खेळले नव्हते. तेव्हा कारखान्याच्या तीन पाळ्या होत्या, हेही मला माहीत आहे. पण हेवा असल्या गोष्टी ऐकून घेत नाही.

बाबांनी डाव टिपायला वह्या केल्या. चौकटीच्या वह्या, प्रत्येक पानावर तारीख, प्रत्येक खेळीला चार चौकोन, एकेका मजल्याचा एक. पुढच्या उन्हाळ्यात आले तेव्हा त्यांच्याकडे एक कल्पना होती आणि ती त्यांनी मला स्वयंपाकघरात कांदा चिरता चिरता समजावली. ती एका दांडीवर मणी टाकते, त्याच दांडीवर मी लगेच माझा टाकतो. म्हणजे तळमजला तिचा, दुसरा मजला माझा, तिसरा तिचा, चौथा माझा. दोन मजले आख्खे माझ्या मालकीचे. आता तिने आपल्या मजल्यावर चार जुळवायच्या आत तिला अडवायचं, आणि अडवताना मजले हातचे जाऊ द्यायचे नाहीत. एवढंच जमवायचं.

"एवढंच," मी म्हणालो.

"जमेल," ते म्हणाले. "घाई कोणाला आहे?"

तीन वर्षं ते हे जमवत होते. आई गेल्यावर माणूस कशासाठी उठतो, हा प्रश्न त्यांच्यापुरता त्यांनी असा सोडवला होता. ते मला दिसत होतं. दिसत नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

मुलगी चौदा वर्षांची होती त्या उन्हाळ्यात आमच्या विभागाचे प्रमुख आमच्याकडे जेवायला आले. जर्मन माणूस, सभ्य, मोजकं बोलणारा. विभागात गटप्रमुखाची एक जागा रिकामी होणार होती आणि ती मला हवी होती. पुण्याकडची आणखी दोन कुटुंबं बोलावली होती, घर भरलेलं दिसावं म्हणून. बायकोने दोन दिवस राबून स्वयंपाक केला. आणि जेवायच्या आधी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, पाट दोन्ही हातांत धरून बाहेर आले आणि तो त्यांनी साहेबांच्या समोर ठेवला.

"सांग त्यांना," ते मला म्हणाले, "या खेळात दुसऱ्यालाही हमखास जिंकता येतं. मी सिद्ध करत आलोय. थोडंच राहिलंय."

साहेब माझ्याकडे बघत होते. बाकीचे चौघेही शिकलेले, आयटीतले. त्यांच्यासमोर माझे वडील, आयटीआय झालेले, झाडूच्या दांड्याचा मणी दाखवत अशक्य गोष्ट सिद्ध करायला निघालेले. मला लाज वाटली. हे वाक्य मी पाच वर्षं कोणाजवळ बोललो नाही. मला माझ्या बापाची लाज वाटली.

मग मी त्यांचं वाक्य जर्मनमध्ये सांगितलंच नाही. त्याऐवजी, हे का शक्य नाही, ते साहेबांना सांगितलं, आणि मग तेच सगळ्यांसमोर बाबांना मराठीत.

"समजा, दुसऱ्याकडे हमखास जिंकायची युक्ती आहे. मग पहिल्याने काय करायचं? एक मणी कुठेही टाकायचा, तो विसरून जायचा आणि स्वतःला दुसरा समजून तीच युक्ती वापरायची. युक्तीने नेमकी ती भरलेली जागा मागितली, तर आणखी एक मणी कुठेही टाकायचा. आपला एक मणी जादा असण्याने आपलं नुकसान तर होत नाही. म्हणजे पहिलाही हमखास जिंकणार. दोघेही जिंकणं अशक्य. म्हणून अशी युक्ती असूच शकत नाही. कुणालाच कधी सापडणार नाही."

बाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पण जादाचा मणी अंगाशी येत नाही, हे कशावरून? तो पडला की त्याच्यावरची जागा उघडी होते. मजले उलटे होतात."

"अहो बाबा, हे गणित आहे," मी म्हणालो. "यात तुमच्या-माझ्या मताचा प्रश्न येत नाही."

मग तेच मी साहेबांना जर्मनमध्ये सांगितलं. "गेनाऊ," साहेब हसून म्हणाले.

"काय म्हणाले ते?"

"बरोबर आहे म्हणाले."

"अस्सं," बाबा म्हणाले. "मग मिटलंच." ताटं ठेवायला जागा हवी म्हणून त्यांनी पाट उचलला आणि आत नेला. जेवताना त्यांनी साहेबांना खुणेने दोनदा श्रीखंडाचा आग्रह केला. सगळे गेल्यावर भांडी आवरताना बायको मला एवढंच म्हणाली, "तुला ते आजच बोलायचं होतं?" मी म्हणालो, खोट्या आशेवर माणूस किती वर्षं ठेवायचा. वाक्य चांगलं होतं. मला तेव्हा ते पटलंही होतं.

ती जागा मला मिळाली नाही, हेही सांगून टाकतो.

दुसऱ्या दिवशी मुलीने पाट मांडला. बाबा म्हणाले, डोळे दुखतात गं. तिसऱ्या दिवशीही डोळे दुखत होते. मग एका संध्याकाळी मी त्या दोघांना बैठकीच्या खोलीत पाहिलं. तिने फिका मणी त्यांच्यापुढे धरला होता आणि ती अडखळत, चक्क मराठीत म्हणत होती, "आजोबा, आज तुम्ही आधी." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मान हलवली. मणी घेतला नाही. मी दारातून मागे फिरलो. मला वाटलं, होईल सवय.

ते पुन्हा खिडकीशी बसायला लागले. त्यानंतर दोन उन्हाळे आले, नव्वद-नव्वद दिवस राहिले, आणि दोन्ही वेळा मला तीच पाठ दिसली. रविवारचे फोन चालू राहिले, पण आता तिच्या वाट्यालाही तीनच मिनिटं यायची. "जेवलीस का?" "या, आजोबा," म्हणजे हो. "अभ्यास?" "गुट," म्हणजे छान. मग ती फोन माझ्याकडे द्यायची आणि आम्ही हवेबद्दल बोलायचो. तिसऱ्या उन्हाळ्यात ते म्हणाले, आता प्रवास झेपत नाही. मी फार आग्रह केला नाही.

गेल्या हिवाळ्यात बाबा गेले. झोपेत गेले, त्रास झाला नाही, असं बहीण म्हणाली, आणि सगळे म्हणाले, भाग्यवान. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. त्यांच्या गॅलरीत मिरचीची रोपं होती आणि प्रत्येक रोपाला टेकू म्हणून एकेक पितळी दांडी रोवलेली होती. मी मोजल्या. सोळा भरल्या. तेराव्यानंतर बहिणीने मला सात वह्या दिल्या. बाबा त्या रद्दीत घाल म्हणाले होते, तिनेच ठेवल्या होत्या. मी त्या इथे आणल्या आणि कपाटात वर टाकल्या. उघडल्या नाहीत. माझ्यामुळे थांबलेलं काम किती बाकी राहिलं होतं, ते मला बघायचं नव्हतं.

मुलगी आता कार्ल्सरूहेला गणित शिकते. मागच्या शनिवारी घरी आली होती. काहीतरी शोधताना तिला वह्या सापडल्या आणि दुपारी ती त्या घेऊन स्वयंपाकघरात बसली. तिला देवनागरी वाचता येत नाही. शिकवायचं राहून गेलं. पण चौकोन आणि मणी वाचायला लिपी लागत नाही. ती तासभर पानं उलटत होती, मधेच पाटावर मणी मांडत होती. मी चहा करत होतो.

"पापा," ती म्हणाली, "तुझा तो पुरावा, साहेब आले होते तेव्हाचा." ती जर्मनमध्येच बोलत होती. "तो आम्हालाही शिकवला. पण तो कागदावरच्या खेळासाठी आहे. कुठल्याही मोकळ्या घरात खूण करता येते, त्या खेळासाठी. इथे मणी मण्यावर बसतो. जादाचा मणी तुला बुडवू शकतो. हा खेळ त्या पुराव्यात बसतच नाही."

मी गॅस बंद केला.

"म्हणजे दुसरा जिंकू शकतो?" मी विचारलं.

"ते मला माहीत नाही. एवढंच माहीत आहे, की तू जे सिद्ध केलंस ते तू सिद्ध केलं नव्हतंस." मग तिने वही माझ्याकडे फिरवली. "आणि हे आजोबांना माहीत होतं. बघ. हे उदाहरण आहे. दोनदा तोच डाव. एकदा साधा, एकदा एका जादाच्या मण्यासकट. जादाचा मणी ज्याचा, तोच हरतो. अगदी स्वच्छ काढलंय. मी मांडून पाहिलं, बरोबर आहे."

पानावरची तारीख मी पाहिली. त्या जेवणाच्या दुसऱ्या दिवसाची. म्हणजे त्यांचे डोळे दुखत होते त्याच दिवशी, मी कामावर गेलेला असताना, खिडकीशी बसून त्यांनी हे काढलं होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला, अशी मी मांडलेली गोष्ट त्या माणसाने एका सकाळीत खोडून काढली होती, शिसपेन्सिलीने, पट्टी लावून. त्यापुढची सगळी पानं कोरी होती.

"खाली काय लिहिलंय?" तिने विचारलं.

खाली चार ओळी होत्या. फिटरचं ते अक्षर, सुटं सुटं, नकाशावर मापं लिहावीत तसं. मी म्हणालो, काही नाही, हिशोबाचं काहीतरी.

"मोठ्याने वाच," ती म्हणाली. "मराठी मला कळतं."

मी वाचलं. "मुलगा चुकला आहे. जादाचा मणी अंगाशी येतो. पण तो साहेबांसमोर आणि चारचौघांत बोलला आहे, त्याला खोटं पाडायचं नाही. नातीशी खेळत राहिलो तर कधीतरी तोंडातून निघून जाईल, तेव्हा आता खेळ बंद."

मला वाटत होतं, बाबांनी आशा सोडली आणि ती मी तोडली. त्या दुःखाची मला इतक्या वर्षांत सवय झाली होती, त्यात मी जवळजवळ राहायला लागलो होतो. आता तेही नव्हतं. आशा त्यांच्याकडे शाबूत होती. वाट मोकळी होती. ती त्यांनी दाबून धरली, माझा शब्द खाली पडू नये म्हणून, आणि मी रोज कामावरून येऊन त्यांच्या पाठीकडे बघून मनात म्हणत राहिलो, की म्हातारी माणसं अशीच असतात. मी टाकलेला आणि अंगाशी आलेला जादाचा मणी तो हाच, दुसरा कुठला नाही.

"मला वाटलं, मी सारखी जिंकते म्हणून त्यांना मी नकोशी झाले," मुलगी म्हणाली. "मी त्यांना पहिली खेळी पण देऊन पाहिली. मी दोन वर्षं हरायला शिकत होते, पापा. एकटी. त्यांना कळू न देता कसं हरायचं ते."

तिने वही मिटून जवळ ओढली.

"तू त्यांना कधी विचारलंस का, की का थांबलात?"

"नाही," मी म्हणालो.

"एकदाही?"

"नाही."

तिने मणी एकेक करून पिशवीत भरले. झाडूच्या दांड्याचे दोन तिने हातात वेगळे ठेवले, त्यांचा रंग आता अंगठ्याने घासून गेला आहे. वही तिने आपल्या बॅगेत घातली. ती संध्याकाळच्या गाडीने जाणार होती, आणि गाडीला अजून तीन तास होते, तरी ती बूट घालायला लागली. दारात मी तिला विचारलं, जेवून नाही का जात.

"नको," ती मराठीत म्हणाली.